घाटावर, घाटाखाली : हवामानबदलाची झळ मोजताना

मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वडनेर भोलजी लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी, सपाट वावरे. खरिपात कपाशी, सोयाबीन, तूर, रब्बीत हरभरा. गाव बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातले, म्हणजे तिकडच्या बोलण्यात ‘घाटाखालचे’. उत्तरेला पूर्णा नदी आणि तिच्या पलीकडे सातपुडा. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचा चढ. तो चढून गेले की ‘घाटावर’ बुलढाणा, चिखली, मेहकर आणि पार टोकाला लोणार. सातपुड्याचे पानगळीचे जंगल, पूर्णेकाठची खारी काळी माती, अजिंठ्याच्या उतारावरची विरळ झाडी आणि गवताळ माळ, आणि लोणारचे जगावेगळे तळे अशा चार निराळ्या परिसंस्था एका जिल्ह्यात मावल्या आहेत. एका जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत, एका सरासरी पर्जन्यमानाखाली आणि अहवालातल्या एका ओळीत.

हवामानबदलाचा फटका कुठल्या परिसंस्थेला किती बसेल, याचे मोजमाप गेल्या दोन दशकांत देशोदेशी सुरू झाले आहे. महाराष्ट्रातही झाले. पुढील पानांत त्याचे निकष, नकाशे आणि तक्ते येतील. ते वाचण्याआधी हे मोजमाप कशाचे असते, कसे करतात आणि कुठे चुकते, हे वडनेर भोलजीच्या शिवारात उभे राहून पाहिले तर पुढचे पुष्कळसे सोपे होईल.

आंतरसरकारी हवामानबदल समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २००१च्या अहवालात या मोजमापाची तीन अंगे सांगितली. हवामानाचा मारा किती, त्याची झळ किती लागते आणि झळ लागल्यावर सावरण्याची ताकद किती. २०१४च्या अहवालात समितीने मांडणी थोडी बदलली. बाहेरून येणारे संकट एकीकडे ठेवले आणि नाजूकपणा हा परिसंस्थेचा किंवा समाजाचा अंगचा गुण मानला. हा बदल अभ्यासकांपुरता वाटतो, पण त्याला महत्त्व आहे. पाऊस कसा पडावा हे कुणाच्या हातात नाही. जमीन, जंगल आणि माणसे तो कशी सोसतात यात मात्र पुष्कळ काही करता येते. मोजायचे ते त्यासाठीच.

माऱ्याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा अहवाल २०२० साली आला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे तो सांगतो. १९५१ ते २०१५ या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पण मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. पावसातले खंडही वाढले. एकूण पाऊस कमी, पडतो तेव्हा धो-धो, आणि मध्ये लांबच लांब उघडीप. घाटाखालच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे आकडे नवे वाटणार नाहीत. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत असाच पाऊस झाला. सातपुड्यातून उतरलेल्या ओढ्या-नद्यांनी गावे वेढली आणि कित्येक शेतांतली माती पिकासकट खरवडून नेली.

पण मारा सारखा असला तरी झळ सारखी लागत नाही. तोच पाऊस मोताळ्याच्या हलक्या, मुरमाड उतारावर पडला तर वाहून जातो, माती नेतो, आणि चार दिवसांत वावर वापशावर येते. पूर्णेकाठच्या भारी जमिनीत तेच पाणी तुंबते. पिकाच्या मुळ्या गुदमरतात, कपाशी पिवळी पडते, आठ-आठ दिवस डवरणीला बैल शेतात घालता येत नाहीत. पुढे तीन आठवड्यांची उघडीप पडली तर पारडे उलटते. मुरमाड रानातले सोयाबीन पहिल्या दहा दिवसांत माना टाकते. काळ्या जमिनीतली तूर धरलेल्या ओलीवर तगून राहते. मग यातली नाजूक जमीन कोणती? प्रश्न कुठल्या संकटाचा आहे हे ठरल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

क्रमवारी लावणाऱ्या अहवालांत हे उत्तर आधीच दिलेले असते. राज्य सरकारसाठी ‘टेरी’ संस्थेने २०१४ साली महाराष्ट्राचा अनुकूलन आराखडा केला. त्यात नंदुरबार सर्वाधिक जोखमीचा ठरला आणि पाठोपाठच्या जिल्ह्यांत धुळे, बुलढाणा आले. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१९ साली देशातल्या ५७३ ग्रामीण जिल्ह्यांचा ताळा मांडला आणि त्यातले ३१० जिल्हे ‘जास्त’ किंवा ‘अति जास्त’ जोखमीच्या गटात टाकले. २०२१ साली केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा राज्यवार अहवाल आला. त्यात झारखंड, मिझोराम, ओडिशा, छत्तीसगड ही राज्ये वर होती, आणि महाराष्ट्र पार तळाशी, म्हणजे सर्वांत सुरक्षित गणलेल्या राज्यांत.

जिल्हा जोखमीचा आणि राज्य सुरक्षित, या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. राज्याचा आकडा काढताना मुंबई-पुण्याचे उत्पन्न, कोकणचा पाऊस आणि पश्चिम महाराष्ट्रातली सहकारी साखर कारखानदारी बुलढाण्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या खात्यावरही थोडी थोडी जमा होते. जिल्ह्याचा आकडा काढतानाही तेच घडते. घाटावरच्या खडकपूर्णा धरणाचे सिंचन घाटाखालच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्याच्या, म्हणजे खारपाणाच्या, नावावर चढते. सरासरीने नकाशा सुबक होतो आणि ज्याच्यासाठी तो काढला तोच माणूस त्यातून गळतो. म्हणून हा विषय शिवारापर्यंत उतरला पाहिजे. उतरला की आणखी एक अडचण पुढे येते, आणि ती सरासरीपेक्षा मोठी आहे. ज्या निकषाला तक्त्यात सर्रास ‘चांगला’ मानतात, तोच एखाद्या परिसंस्थेत घातक ठरतो.

खारपाणपट्ट्याकडे पाहावे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही काठांना पसरलेला हा पट्टा सुमारे ४ लाख ७० हजार हेक्टरांचा आहे. नांदुरा तालुक्याचा पूर्णेकडचा भाग त्यातच येतो. गाळाने भरलेल्या या खोऱ्यात खडक फार खोल आहे आणि वरची माती फुगणाऱ्या चिकणमातीची. पावसात ती फुगते, स्वतःचीच छिद्रे बुजवते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. मे महिन्यात तीच आकसते आणि हात कोपरापर्यंत सहज आत जाईल अशा भेगा पडतात. भूगर्भात पाणी आहे, पण खारे. पिण्याचे सोडाच, पिकालाही सोसत नाही.

हा खारेपणा नुसता नदीने आणून टाकलेला नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेतील डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मातीचा बारकाईने अभ्यास केला. कोरड्या हवेत मातीतला चुना पाण्यातून बाहेर पडून खड्यांच्या रूपात साचतो. कॅल्शियम असे अडकले की मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढत जातो. सोडियम वाढला की कण सुटे होतात, निचरा आणखी मंदावतो आणि जमीन चोपण होते. खोऱ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे, अमरावतीकडून अकोला-बुलढाण्याकडे यावे तसा पाऊस कमी होतो आणि हा दोष वाढतो. हवामान कोरडे पडत गेले की मातीचे काय होते, हे सांगायला इथे संगणकाच्या भाकिताची गरज नाही. ती प्रक्रिया या मातीत हजारो वर्षे चालली आहे, आणि तिचा वेग वाढेल अशी कोणतीही गोष्ट करणे धोक्याचे आहे.

आता तक्ता उघडावा. सावरण्याच्या ताकदीचा पहिला निकष बहुतेक अहवालांत सिंचित क्षेत्राचा असतो. विहिरी जास्त, बोअर जास्त, तितका तालुका सुरक्षित. खारपाणात हे गणित उलटे होते. उघडीप पडली म्हणून बोअरचे खारे पाणी पिकाला दिले तर त्या हंगामाचे पीक कदाचित तरते, पण पाण्याबरोबर सोडियम मातीत उतरतो आणि दोन-चार वर्षांत वावर चोपण होऊ लागते. नांगर चालत नाही, पाऊस पडला की वर साय धरावी तशी पपडी धरते, अंकुर ती फोडू शकत नाही. कागदावर तो शेतकरी ‘सिंचित’ झाला, म्हणजे सुरक्षित झाला; त्याची जमीन मात्र नाजूकपणाच्या दिशेने गेली.

खारपाणात खरी ताकद दुसरीकडेच आहे. ती पावसाचे गोडे पाणी वरच्या वर धरण्यात आहे. शेततळ्याला इथे बहुधा प्लॅस्टिकचे अस्तर लागत नाही. माती पाणी झिरपू देत नाही हा शेतातला दोष तळ्यात गुण होतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि कृषी विभागाने रुंद सरी वरंबा, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचा ‘बीबीएफ’, या पद्धतीचा आग्रह धरला तो याचसाठी. जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि उघडीपीत वरंब्यातली ओल टिकते. जिप्सम टाकले की त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावते. देशी कपाशी, मूग, उडीद आणि ओलीवरचा बिनपाण्याचा हरभरा ही जुनी घडी तर या मातीला समजूनच बसलेली होती. मूग-उडीद दोन-अडीच महिन्यांत घरात येतात आणि पाठोपाठ हरभऱ्याला वावर मोकळे होते. कुठल्या गावात किती शेतकऱ्यांकडे अजून देशी वाण आहे, किती वावरांत बीबीएफ आहे, किती तळ्यांत जानेवारीत पाणी असते, ही खरी मोजायची ताकद. राष्ट्रीय पातळीवरच्या तक्त्यात यातला एकही रकाना सापडत नाही.

गवताळ माळांची कथा यापेक्षा दुःखद आहे, कारण त्यांना परिसंस्था मानायलाच कुणी तयार नाही.

वऱ्हाड एकेकाळी गुरांचा मुलूख होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडचे रान कपाशीखाली गेले. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावची रेल्वे सुरू झाली, तीही कापसासाठीच. चराईचे माळ नांगरले गेले, गुरांचा चारा आटला आणि शतकाच्या शेवटी विक्रम संवतातल्या ‘छप्पन्न’ सालच्या दुष्काळात माणसे आणि जनावरे पटापट मेली. लक्ष्मण सत्य या इतिहासकाराने ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या ग्रंथात कापूस आणि दुष्काळ यांचे हे नाते तपशिलाने मांडले आहे. परिसंस्थेचा नाजूकपणा निसर्गदत्त असतोच असे नाही. बाजार, कायदा आणि रेल्वे मिळूनही तो घडवतात. आजचा तक्ता हा इतिहास वगळून भरता येत नाही.

उरले ते माळ आज ‘ई-क्लास’ म्हणून गावाच्या वाट्याला आहेत. सरकारी भाषेत ते पडीक. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २०००पासून निघतो. त्यात गवताळ आणि खुरट्या झुडपांच्या कितीतरी जमिनी येतात. पडीक म्हटले की दोनच उपाय सुचतात, झाडे लावा किंवा दुसऱ्या कामाला द्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायराने दिली जातात, त्यांतही अशा जमिनी असतात. दिवसा वीज मिळणे शेतकऱ्याच्या गरजेचे आहे, हे मान्य करूनही विचारायला हवे की पवन्या आणि कुसळी उगवणारा तो माळ गेल्यावर गावची शेळी, रोही, काळवीट आणि जमिनीवर घरटे करणारे पक्षी कुठे जातील. आणि वृक्षाच्छादन वाढले की परिसंस्था सुधारली, हा सर्रास मानला जाणारा दुसरा निकष माळावर सपशेल खोटा ठरतो. दाट लागवडीने सावली झाली की गवत मरते. गवताची मुळे जमिनीत कार्बन धरतात; गवत दुष्काळात जळाल्यासारखे दिसते आणि पहिल्या सरीला पुन्हा फुटते. एवढी उभारी असलेली दुसरी परिसंस्था वऱ्हाडात नाही. वाशीम-अकोल्याकडे ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाला बरोबर घेऊन माळ पुन्हा उभे केले, ते चराई आवरून आणि गवत राखून. पारध्यांना माळावरचे गवत आणि पाखरू जितके कळते तितके उपग्रहाला कळत नाही.

ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाबतीत प्रश्न हद्दीचा आहे. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरच्या बोथा घाटाभोवतीचे हे २०५ चौरस किलोमीटरचे जंगल. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे एक तरुण नर वाघ येऊन राहिला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने पट्टा घातलेला. जून २०१९ मध्ये त्याने टिपेश्वर सोडले आणि पट्टा काढेपर्यंत, एप्रिल २०२०पर्यंत, त्याची वाटचाल ३,००० किलोमीटरांहून जास्त भरली. वाटेत तेलंगणातले आदिलाबाद लागले, नांदेड लागले, हिंगोली लागली. शेते, ओढे, महामार्ग ओलांडले. बातम्या त्याच्या पायपिटीच्या आल्या. हवामानबदलाच्या अभ्यासकाला त्यात वेगळे काही दिसते. उष्मा वाढला, पाणवठे आटले तर प्राण्यांना, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या संथ चालीने झाडांनाही, जागा बदलाव्या लागतील. तेव्हा अभयारण्य किती मोठे आहे यापेक्षा दोन जंगलांमधल्या ओढ्याकाठी झाडोरा आहे का, पांदण शिल्लक आहे का, हे निर्णायक ठरेल. म्हणजे ज्ञानगंगेच्या जंगलाचा नाजूकपणा काही अंशी वनखात्याच्या हद्दीबाहेर, शेतकऱ्यांच्या धुऱ्यांवर ठरतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एन. एच. रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली देशातल्या वनांचे भाकीत मांडले होते. या शतकाच्या अखेरीपर्यंत, उत्सर्जन किती राहील त्यानुसार, ६८ ते ७७ टक्के वनक्षेत्रांत जंगलाचा प्रकारच बदलण्याचा संभव त्यांनी सांगितला. सालई-धावड्याच्या जंगलाला सरकायला जागा हवी, ती कपाशीच्या वावरांमधूनच काढावी लागेल.

आणि लोणार. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. तळाशी खारट आणि अत्यंत अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी घटून क्षार वाढल्यामुळे मिठाची आवड असलेले सूक्ष्मजीव बेसुमार वाढले होते आणि रंग त्यांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, नांदूरमध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातले ते दुसरे स्थळ. नंतरच्या वर्षांत चित्र उलटले. पातळी वाढत गेली आणि पाणी कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत चढले. दुष्काळी मुलखात तळे भरले तर आनंदच व्हावा. पण लोणारच्या पाण्यात जे सूक्ष्मजीव हजारो वर्षांत घडले, ते त्या क्षारांच्या जोरावर. गोडे पाणी, त्यात सांडपाणी, जास्त शिरले तर क्षार विरळ होतात आणि साध्या तळ्यातले जीव वस्तीला येतात. पाणी वाढणे म्हणजे सुधारणा, हा तिसरा निकषही इथे फसतो. लोणारला कमी पाणी सोसत नाही आणि जास्त पाणीही सोसत नाही. त्याच्यासाठी क्षारतेची एक मर्यादा आखून घेतली पाहिजे आणि तिच्या दोन्ही बाजूंचे विचलन सारख्याच गांभीर्याने नोंदले पाहिजे.

म्हणजे परिसंस्थेगणिक निकष वेगळे हवेत, आणि मोजायचे क्षेत्रही लहान हवे. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०११ साली हेच केले होते. साधारण ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरच्या सुमारे २,२०० चौकटी आखून प्रत्येकीची संवेदनशीलता ठरवली आणि अंतिम निर्णयात ग्रामसभेला जागा ठेवली. अहवालावर वादंग झाले, पण चौकटीची पद्धत चुकीची होती असे कुणी सिद्ध केले नाही. वऱ्हाडासाठी तसे काम अजून व्हायचे आहे. पश्चिम घाटाची हिरवाई डोळ्यांत भरते आणि खारपाणाची काळी जमीन भरत नाही, एवढ्याच कारणाने ते मागे राहिले असेल तर तो अन्याय आहे.

सुरुवात मात्र झाली आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, गावोगावचा ‘पोकरा’, सुरू झाला. ५,१४२ गावांच्या या योजनेत पूर्णा खोऱ्याच्या खारपाणातली ९३२ गावे मुद्दाम वेगळी धरली होती. मुंबईच्या आयआयटीने या प्रकल्पासाठी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत तयार केली. पाऊस किती, वाहून किती गेला, मातीने किती धरला, पिकाला किती लागला, हे सारे माती आणि उतार धरून गाव पातळीवर काढायचे. तुटीचा आकडा तालुक्याचा नसतो, त्या गावच्या शिवाराचा असतो. दुसऱ्या टप्प्यात प्रकल्प २१ जिल्ह्यांतल्या ७,२०१ गावांत नेण्याचे ठरले.

या ताळेबंदात पाणी किती याचे उत्तर मिळते. ते कसले, हे विचारण्याची वेळ आता आली आहे. महामार्गाच्या भरावासाठी नाले-तळी खोल करून माती-मुरूम उचलण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ याच जिल्ह्यातून गाजला आणि अनेक ठिकाणी त्याने पाणीसाठा वाढवला. मात्र मुरमाच्या उतारावर जितके खोल जावे तितके बरे असले, तरी पूर्णेकाठी किती खोलीवर खारे पाणी लागते हे आधी तपासूनच यंत्र लावायला हवे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. घाटाखालच्या गावांत त्याच फेरीला पाण्याचे क्षार आणि सोडियमचे प्रमाणही नोंदले, आणि ती नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर पावसाच्या आकड्याशेजारी लागली, तर नांदुरा तालुक्यातल्या शेतकऱ्याला हरभऱ्याला बोअरचे पाणी द्यावे की नाही हे पेरणीआधीच ठरवता येईल. त्याच नोंदीतून पाच-दहा वर्षांत खारेपणा कुठल्या शिवारातून कुठल्या शिवाराकडे सरकतो आहे, याचा पहिला खरा नकाशा निघेल.